टाइमशीटच्या रिपोर्टमधे तारीख चुकते तेव्हा आधी हे पाहा: रिपोर्टचा दिवस कधी पलटतो?

महिना संपत आला की नागपूरच्या मिहान या आयटी-उद्योग भागातल्या नाईट शिफ्टवाल्या पोरापोरींचे तेच तेच मेसेज फिरायला लागतात. शनिवारी मी ऑफिसला गेलेच नाही तरी रिपोर्टमधे ६ तास काहून दिसून राहिले, सोमवारी पूर्ण शिफ्ट केली तर तिथे फक्त २ तास, आणि एचआर म्हणते सोमवारचा हाफ डे लागेल. मग घाबरून लोक काय करतात तर ती एंट्री उघडतात, तारीख हाताने बदलतात, सेव्ह करतात, आणि खरा घोळ तिथून सुरू होतो, कारण बरोबर असलेली एंट्री आता खरोखरच चुकलेली असते आणि मूळ वेळ काय होती ते सिद्ध करायला हातात काही उरत नाही. म्हणून पहिली विनंती हीच, की कारण सापडेपर्यंत एकही एंट्री एडिट करू नका, डिलीट तर मुळीच नका.

आता कामाचे तास नोंदवणारं हे टाइमशीटचं सॉफ्टवेअर आत काय करतं ते बघू. तुम्ही टायमर सुरू केला की बहुतेक सॉफ्टवेअर फक्त एक क्षण नोंदवून ठेवतं, आणि तो यूटीसी या जागतिक वेळेत. आपली भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे नागपुरात ६ जूनच्या पहाटेचे २ वाजलेत तेव्हा आत नोंद होते ती ५ जून, रात्री साडेआठ अशी. ही नोंद बरोबरच आहे, क्षण तोच आहे. तारीख ठरते ती नंतर, तुम्ही रिपोर्ट काढता तेव्हा. रिपोर्ट तो क्षण घेतो, कुठल्या तरी गावाच्या घड्याळात बसवतो आणि म्हणतो हा या तारखेचा. ते गाव कुठलं, ह्यावर सगळं अवलंबून असतं. रेल्वेचं उदाहरण घ्या ना, नागपूर स्टेशनवरून रात्री साडेबाराला सुटणारी गाडी आपण "आज रात्रीची गाडी" म्हणतो पण तिकिटावर उद्याची तारीख असते, आणि जो हे विसरतो तो पूर्ण एक दिवस उशिरा स्टेशनवर पोचतो. गाडी तीच आणि वेळही तीच, फक्त दिवस कुठून मोजायचा ते दोघांनी वेगवेगळं धरलं.

तसं पाहिलं तर आपली घड्याळातली वेळ हीसुद्धा ठरवून घेतलेलीच आहे. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर बेतलेली आहे, नागपूर साधारण ७९.१ अंशांवर, म्हणून झिरो माइलला सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी १३-१४ मिनिटं उशिरा. ही प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली तरी कलकत्त्याने १९४८ पर्यंत आणि मुंबईने १९५५ पर्यंत आपापली वेळ चालू ठेवली होती. एकाच देशात दोन-तीन घड्याळं इतकी वर्षं चालली, तर एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमधे चालतात ह्यात नवल काही नाही, फक्त ती कोणती कोणती आहेत ते आपल्याला माहिती पाहिजे.

वरच्या तक्रारीचा हिशोब मांडून बघा म्हणजे लक्षात येईल. शिफ्ट रात्री १० ते सकाळी ६, सोमवार रात्र ते शुक्रवार रात्र, पाच शिफ्टा, ४० तास. आता रिपोर्ट नागपूरच्या घड्याळाने काढला आणि सॉफ्टवेअरने रात्री १२ ला एंट्री तोडली तर सोमवारी २ तास, मंगळवार ते शुक्रवार रोज ८ (पहाटेचे ६ आणि रात्रीचे २), आणि शनिवारी ६. एकूण ४०. हाच रिपोर्ट न्यूयॉर्कमधे बसलेल्या क्लायंटने उन्हाळ्यात काढला तर आपले रात्रीचे १० म्हणजे त्यांची दुपारची साडेबारा, आपले सकाळचे ६ म्हणजे त्यांचे रात्रीचे साडेआठ, मधे कुठे मध्यरात्र येतच नाही, म्हणून सोमवार ते शुक्रवार रोज सरळ ८ तास. तिथेही एकूण ४०. दोन्ही रिपोर्ट खरे आहेत. ज्या मुलीला सोमवारचा हाफ डे लावायला निघाले तिने एक मिनिटसुद्धा कमी काम केलेलं नाही, आणि हे एचआरला समजावून सांगायची जबाबदारी तिच्यावर टाकणं मला तरी अन्यायाचं वाटतं, ती मॅनेजरने घ्यायला पाहिजे.

ह्यातूनच तपासणीचा पहिला प्रश्न निघतो: एकूण तास जुळतात का? एकूण बरोबर आणि फक्त दिवसांची वाटणी वेगळी असेल तर ९९ टक्के समजा की टाइमझोनचा (म्हणजे कुठल्या गावाचं घड्याळ धरलंय त्याचा) किंवा शिफ्टची तारीख कोणती धरायची ह्याचा प्रश्न आहे. एकूणच कमी-जास्त असेल तर वेगळीकडे शोधायचं, त्यावर खाली येतो.

दुसरी गोष्ट, आणि ही मला सगळ्यात कामाची वाटते: रिपोर्टचा दिवस नागपूरच्या घड्याळात किती वाजता पलटतो ते शोधून काढा. डिटेल रिपोर्ट उघडा, ज्यात एकेक एंट्री दिसते, आणि ज्या एंट्रीची तारीख तुम्हाला चुकीची वाटते तिची आपल्याकडची खरी वेळ एका कागदावर लिहा, अशा सात-आठ एंट्र्या लिहिल्या की चित्र आपोआप दिसायला लागतं. पहाटे साडेपाचच्या आधीच्या सगळ्या एंट्र्या आदल्या दिवशी आणि साडेपाचनंतरच्या बरोबर दिवशी पडत असतील तर रिपोर्ट यूटीसीवर चालून राहिलाय. सकाळी साडेनऊपर्यंतचं सगळं आदल्या दिवशी जात असेल (हिवाळ्यात साडेदहापर्यंत) तर न्यूयॉर्क. दुपारी साडेबारा किंवा हिवाळ्यात दीडपर्यंत असेल तर कॅलिफोर्निया. उन्हाळ्यात पहाटे साडेचारला पलटत असेल तर लंडन, आणि हिवाळ्यात लंडन नि यूटीसी एकच असल्याने तेव्हा फरक कळत नाही. जुन्या एंट्र्यांमधून कळत नसेल तर टेस्ट प्रोजेक्ट बनवून दोन खोट्या एंट्र्या टाका, एक रात्री पावणेबारा ते सव्वाबारा, दुसरी पहाटे सव्वापाच ते पावणेसहा, आणि कोणती तुटते किंवा कोणत्या तारखेला जाते ते बघा. ह्याला कोणत्या डेव्हलपरची गरज नाही, कोणीही करू शकतं.

गाव कळलं की मग ते सेटिंग कुठे बसलंय ते शोधायचं, आणि इथे लोक फसतात कारण सेटिंग एका जागी नसतं. तुमच्या प्रोफाइलमधे एक टाइमझोन असतो, कंपनीच्या वर्कस्पेसमधे, म्हणजे सगळ्या टीमच्या सामाईक खात्यात, दुसरा, लॅपटॉपच्या विंडोजमधे तिसरा, आणि रिपोर्ट जर दर सोमवारी आपोआप मेलवर येत असेल तर तो ज्याने शेड्यूल केला त्याच्या प्रोफाइलचा टाइमझोन लागू शकतो. वर्कस्पेस अमेरिकेतल्या ऑफिसने बनवलेलं असेल तर डीफॉल्ट तिकडचाच राहतो आणि नवीन जॉइन झालेल्या प्रत्येकाला तोच मिळत जातो. स्क्रीनवर बरोबर आणि मेलमधल्या पीडीएफमधे चूक, असं दिसलं की बहुधा हेच असतं. बदलताना यादीत नागपूर शोधू नका, मुंबईसुद्धा बरेचदा नसते, भारतासाठी "एशिया/कोलकाता" हेच घ्यायचं. आणि नुसतं "आयएसटी" लिहिलेलं असेल तर जरा थांबा, कारण ही तीन अक्षरं इस्रायलची वेळ आणि आयर्लंडची उन्हाळी वेळ ह्यांनाही वापरतात.

शहराच्या नावाने टाइमझोन निवडायचं अजून एक कारण आहे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे, २०२६ मधे ह्या तारखा ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. आपल्याकडे असलं काही नाही, म्हणून आपल्यात आणि न्यूयॉर्कमधे कधी साडेनऊ तासांचा फरक तर कधी साडेदहाचा. कोणी सेटिंगमधे शहर न घेता सरळ "यूटीसी उणे ५" असं फिक्स टाकून ठेवलं असेल तर हिवाळाभर सगळं व्यवस्थित चालतं आणि मार्चमधे अचानक एक तासाचा घोळ सुरू होतो, त्यातही फक्त तिकडच्या मध्यरात्रीच्या जवळच्या एंट्र्या चुकतात, बाकी सगळं ठीक, त्यामुळे महिनोन्महिने कोणाच्या लक्षातही येत नाही. "मागच्या आठवड्यापर्यंत बरोबर होतं हो" अशी तक्रार मार्च किंवा नोव्हेंबरमधे आली तर आधी हेच तपासा.

आता एक वेगळा प्रकार, ज्याला आपण भारतातले लोक जास्त भोगतो. ह्यात रात्रीच्याच नाही तर सगळ्या तारखा बरोबर एक दिवस मागे जातात. दिवसा काम करणाऱ्यांच्याही. सुट्टी टाकली सोमवारची आणि रिपोर्टमधे रविवारी दिसते. असं का होतं, तर कॅलेंडरमधून तुम्ही ५ तारीख निवडली की ब्राउझर तिला "५ तारखेची मध्यरात्र, नागपूरची" असं समजतो, मग ती यूटीसीमधे बदलतो, म्हणजे साडेपाच तास मागे, म्हणजे ४ तारखेचे संध्याकाळचे साडेसहा, आणि पुढे कोणीतरी वेळ कापून फक्त तारीख ठेवतं. झाली ४ तारीख. ओळखायची खूण एकदम सोपी आहे: एक्सपोर्ट केलेल्या फाइलमधे तारखेच्या पुढे जिथे तिथे १८:३० दिसलं की समजायचं हाच प्रकार आहे. न्यूयॉर्कमधल्या डेव्हलपरला हे कधीच दिसत नाही, कारण त्याची मध्यरात्र यूटीसीमधे त्याच तारखेचे पहाटेचे ४ किंवा ५ असते, त्याची तारीख मागे जातच नाही. उलटा प्रकार पण आहे, नुसती तारीख यूटीसीची मध्यरात्र म्हणून साठवली तर आपल्याला ती पहाटे साडेपाच म्हणून त्याच दिवशी दिसते आणि अमेरिकेतल्याला आदल्या संध्याकाळी. म्हणजे प्रत्येक जण आपल्या खुर्चीतून टेस्ट करतो आणि दुसऱ्याची अडचण त्याला दिसत नाही. सपोर्टवाले "आमच्याकडे तर बरोबर येतंय" म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात, त्यांना फक्त एवढं सांगा की एकदा कॉम्प्युटरचा टाइमझोन भारताचा करून बघा. हा बग सेटिंग बदलून जात नाही, तो कंपनीलाच दुरुस्त करावा लागतो.

एकूण तासच जुळत नसतील तर आधी तारखांची रेंज बघा. १ ते ३१ मार्च निवडलं आणि ३१ तारखेचं काहीच आलं नाही, असं असेल तर सॉफ्टवेअर शेवट म्हणून ३१ तारखेची सुरुवातीची मध्यरात्र धरून राहिलंय, म्हणजे ३१ चा दिवस बाहेरच राहिला. १ एप्रिलपर्यंत रेंज वाढवून बघा, तास परत येतात. आपल्याकडे तर ३१ मार्चला आर्थिक वर्षच संपतं, त्या रात्रीच्या शिफ्टचे २ तास एका वर्षात आणि ६ तास दुसऱ्या वर्षात जातात आणि क्लायंटच्या रिपोर्टमधे मात्र अख्खी शिफ्ट मार्चची, तेव्हा बिल कोणत्या घड्याळाने काढायचं हे आधीच लिखित ठरवून ठेवलेलं बरं. दुसरं कारण म्हणजे बंद करायचा राहून गेलेला टायमर. एका दिवशी २६ तास दिसले तर टाइमझोनच्या मागे लागू नका, कोणीतरी शुक्रवारी टायमर चालू ठेवून घरी गेलंय आणि सगळे तास सुरुवातीच्या तारखेवर चढलेत. आणि एकदा हेही बघा की रिपोर्ट काम केलेल्या तारखेवर काढलाय की एंट्री भरलेल्या तारखेवर, कारण आठवड्याचं सगळं शुक्रवारी बसून भरणाऱ्यांचं त्यात सगळं शुक्रवारीच दिसतं.

सॉफ्टवेअरमधे सगळं बरोबर आणि एक्सेलमधे उघडलं की गडबड, हे तर घरोघरी आहे. अमेरिकन पद्धतीत महिना आधी, दिवस नंतर. एप्रिलचा रिपोर्ट तसा एक्सपोर्ट झाला आणि तुमचा कॉम्प्युटर भारतीय सेटिंगवर असला तर १ एप्रिल होते ४ जानेवारी, २ एप्रिल ४ फेब्रुवारी, असं करत १२ एप्रिल ४ डिसेंबरला जाऊन बसते, फक्त ४ एप्रिल तेवढी जागेवर राहते. आणि १३ पासून पुढे १३ वा महिना नसल्याने एक्सेल हात टेकतं आणि ती तारीख नुसता मजकूर म्हणून सोडून देतं. म्हणून खूण अशी: काही तारखा सेलच्या उजव्या बाजूला, काही डाव्या बाजूला चिकटलेल्या. डावीकडच्या तारखा एक्सेलला समजलेल्याच नाहीत, आणि उजवीकडच्या चुकीच्या समजल्या आहेत, आणि त्याच जास्त धोक्याच्या कारण त्या दिसायला बरोबर दिसतात. सेलचा फॉरमॅट बदलून हे सुधरत नाही, आत किंमतच बदललेली असते. ती फाइल सेव्ह न करता बंद करा, रिकामी शीट उघडा, डेटा टॅबमधून टेक्स्ट किंवा सीएसव्ही आणा आणि आणताना तारखेच्या कॉलमला महिना-दिवस-वर्ष हा क्रम सांगा. गूगल शीट्समधे फाइलच्या सेटिंगमधे लोकेल (कोणत्या देशाची पद्धत ते) असतं, ते आधी बघा, तिथेच शीटचा स्वतःचा टाइमझोनही असतो. त्याहून चांगलं म्हणजे सॉफ्टवेअरच्या एक्सपोर्टमधेच वर्ष-महिना-दिवस हा क्रम निवडा, २०२५-०४-०५ असा, ह्यात कोणाचा गोंधळ होत नाही.

एक्सेलचेच अजून काही नमुने पटकन सांगतो. तारखेच्या जागी ४५७५२ असा आकडा दिसला तर घाबरायचं काम नाही, एक्सेल १ जानेवारी १९०० ला १ धरून दिवस मोजतं आणि हा आकडा म्हणजे ५ एप्रिल २०२५, फॉरमॅट तारखेचा केला की झालं. सगळ्या तारखा चार वर्षं आणि एक दिवस पुढेमागे असतील तर फाइल जुन्या मॅकवरची असणार, तिथे मोजणी १९०४ पासून होती, फरक बरोबर १४६२ दिवसांचा. महिन्याची बेरीज १७६ तास ३० मिनिटं यायला पाहिजे आणि दिसतं ८:३०, तर तास कुठे गेलेले नाहीत, एक्सेल प्रत्येक २४ तासांना एक दिवस काढून उरलेलं दाखवतं. कस्टम फॉरमॅटमधे तासाचं एच अक्षर चौकोनी कंसात टाका, पूर्ण १७६:३० येईल. पगाराच्या शीटमधे हे नक्की तपासा, ह्यात माणसाचे पैसे जातात. आणि ७.३० लिहिलेलं असेल तर ते साडेसात तास नाहीत, दशांशात साडेसात म्हणजे ७.५, दोन पद्धती एका कॉलममधे मिसळल्या की बेरीज कधीच जुळणार नाही.

१ जानेवारी १९७० दिसली तर तारीख चुकलेली नाही, ती नाहीच आहे. कॉम्प्युटरची मोजणी तिथून सुरू होते, रिकामी जागा शून्य धरली गेली की ती तारीख येते, आपल्याकडे पहाटे साडेपाचची वेळ लागून आणि अमेरिकेत ३१ डिसेंबर १९६९ म्हणून. २०-२१ जानेवारी १९७० च्या आसपास सगळं गोळा झालेलं असेल तर सेकंदाचा आकडा मिलीसेकंद समजून वाचलाय, म्हणजे १३ आकडी संख्या पाहिजे तिथे १० आकडी अशी गफलत. डिसेंबरच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांना पुढचं वर्ष लागलं, जसं २९ डिसेंबर २०२५ ऐवजी २९ डिसेंबर २०२६, तर प्रोग्रामने कॅलेंडरचं वर्ष न घेता आठवड्याचं वर्ष घेतलं आहे, कारण आंतरराष्ट्रीय मोजणीत २९ डिसेंबर २०२५ च्या सोमवारपासून २०२६ चा पहिला आठवडा सुरू होतो. हेही सॉफ्टवेअरवाल्यांनीच सुधारायचं. आठवड्याची बेरीज जुळत नसेल तर मात्र आधी आपलंच सेटिंग बघा, आठवडा रविवारपासून धरलाय की सोमवारपासून.

एकाच माणसाच्या तारखा चुकत असतील आणि बाकी टीमच्या बरोबर असतील तर त्याचा मोबाइल बघा, ऑफलाइन काम करताना ॲप फोनचंच घड्याळ वापरतं आणि बऱ्याच जणांनी ऑटोमॅटिक वेळ बंद करून ठेवलेली असते. थंब मशीनचं तसंच, आतली बॅटरी गेली आणि लाइट गेली की मशीन कुठल्या तरी जुन्या तारखेवरून सुरू होतं, आणि अशा वेळी सॉफ्टवेअरला कितीही शिव्या घाला, काही होणार नाही.

सपोर्टला लिहिताना "तारीख चुकीची येते" एवढंच लिहू नका, ह्यावर उत्तर म्हणून ब्राउझरची कॅशे क्लियर करा एवढंच येतं. एका एंट्रीचा नंबर द्या, तिची नागपूरची सुरुवात आणि शेवट द्या, रिपोर्टमधे कोणती तारीख आली आणि कोणती यायला पाहिजे होती ते लिहा, प्रोफाइल, वर्कस्पेस आणि कॉम्प्युटर ह्या तिन्ही टाइमझोनचे स्क्रीनशॉट जोडा, आणि तुम्ही शोधलेली पलटायची वेळ लिहा: "आमच्याकडे पहाटे ५:३० ला दिवस बदलतो." एवढं वाचून समोरच्या इंजिनिअरला बरेचदा कारण तिथेच कळतं. आणि त्याच दिवशी एचआरला वेगळा मेल टाका की ह्या ह्या एंट्र्या तपासणीत आहेत, एकूण तास बरोबर आहेत, तोपर्यंत हाफ डे लावू नका आणि पे पिरियड (पगाराच्या हिशोबाचा काळ) लॉक करू नका, कारण एकदा तो लॉक झाला की कारण सापडलं तरी कापलेले पैसे पुढच्या महिन्याच्या पगारातच येतील.